झेंडू लावूनही टोमॅटोला कीड का लागली?

तुमचा प्रश्न असा आहे की टोमॅटो आणि मिरचीच्या वाफ्याला चारी बाजूंनी झेंडू लावला, मध्ये मध्ये तुळस लावली, तरी पांढरी माशी आली, फळात अळी सापडली आणि दोन झाडं वाढ खुंटून पिवळी पडली, मग ही सोबतीची लागवड खरंच काम करते की नुसतं ऐकीव आहे. करते, पण तुमच्या वाफ्यात झेंडूला एकाच वेळी तीन वेगवेगळी कामं सांगितली गेलीत आणि त्यातल्या एकाचीही वेळ जुळलेली नाही. मी पण पहिली काही वर्षं अशीच लागवड केली, "याच्याशेजारी हे लावा, त्याच्याशेजारी ते लावू नका" असा तक्ता समोर ठेवून, आणि दर हंगामात निराश झालो. तक्त्यात कोण कोणाच्या शेजारी ते असतं, पण कशासाठी आणि कधी हे नसतं, आणि सगळा खेळ तिथेच आहे.

आधी ती दोन पिवळी झाडं. त्यातलं एक मुळासकट हळूच उपटा, ओढू नका, खुरप्याने माती सैल करून काढा, आणि मुळं पाण्यात धुवून बघा. मुळंच जागोजागी फुगून गाठाळ झाली असतील तर ते सूत्रकृमी, म्हणजे मातीत राहून मुळांवर जगणारे डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी. चवळी किंवा घेवड्याच्या मुळांवर पण गाठी असतात, त्या बघून बरेच जण घाबरतात आणि चांगली झाडं उपटून टाकतात. फरक सोपा आहे, चवळीची गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते, बोटाने चोळली की सुटून येते आणि नखाने फोडली तर आतून गुलाबी-लालसर दिसते, ती नत्र धरणाऱ्या जिवाणूंची, चांगली. सूत्रकृमीची गाठ सुटत नाही, कारण ते मूळच सुजलेलं असतं.

आता झेंडू सूत्रकृमी कमी करतो हे खरं आहे, त्याच्या मुळांत अल्फा टर्थिएनिल नावाचं द्रव्य असतं, ते सूत्रकृमींना मारक आहे. पण वाफ्याच्या कडेला दहा झेंडू लावून मधल्या टोमॅटोच्या मुळाशी काही पोचत नाही. हे काम करून घ्यायचं तर टोमॅटोच्या आधी तो सगळा वाफा झेंडूने भरून टाकावा लागतो, रोपात जेमतेम एक वीत अंतर, निदान दोन महिने, आणि मधे तण अजिबात उगवू द्यायचं नाही कारण सूत्रकृमी तणाच्या मुळांवर आरामात जगतात. मग झेंडू कापून तिथेच मातीत मिसळायचा आणि त्यानंतर टोमॅटो. म्हणजे या कामात झेंडू हे आधीचं पीक आहे, शेजारी नाही. बुटका फ्रेंच झेंडू यासाठी जास्त चांगला. आणि कॅलेंडुला म्हणजे झेंडू नव्हे, फुलं सारखी दिसतात म्हणून लोक तो लावतात आणि मग म्हणतात काही उपयोग झाला नाही.

फळातल्या अळीचं गणित पूर्ण उलटं. इथे झेंडूने कीड पळवायची नसते, ओढून घ्यायची असते. हेलिकोव्हर्पा म्हणजे हीच फळ पोखरणारी अळी, तिच्या पतंगाला उंच, भरगच्च फुलाचा आफ्रिकन झेंडू टोमॅटोपेक्षा जास्त आवडतो, तो अंडी तिथे घालतो. याला सापळा पीक म्हणतात आणि यात सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टोमॅटोला फुलं येतील तेव्हा झेंडूपण फुलावर असला पाहिजे. म्हणून टोमॅटोचं रोप २५ दिवसांचं असताना झेंडूचं रोप ४० ते ४५ दिवसांचं घेऊन दोन्ही एकाच दिवशी लावतात, टोमॅटोच्या साधारण १६ ओळींमागे झेंडूची एक ओळ. दोन्ही बी एकाच दिवशी टाकलं की झेंडू कळीवर येईपर्यंत पतंग टोमॅटोवर अंडी घालून मोकळा होतो, आणि तुमचं बहुतेक हेच झालंय.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही, सापळा रिकामा करावा लागतो. एक दिवसाआड सकाळी झेंडूच्या ओळीतून फिरा, फूल बोटांनी उघडून बघा, पाकळ्यांच्या बुडाशी हिरवी किंवा तपकिरी अळी गुंडाळी करून बसलेली असते आणि आजूबाजूला काळपट ओलसर विष्ठा दिसते. ते फूल तोडून साबणाच्या पाण्यात टाका. हे केलं नाही तर त्या ओळीत किडीची पुढची पिढी तयार होते आणि ती टोमॅटोतच येते, त्यापेक्षा झेंडू न लावलेला बरा. एरंडाचं पण असंच, स्पोडोप्टेरा म्हणजे पानं खाणाऱ्या अळीच्या पतंगाची मादी एरंडाच्या पानाखाली पुंजक्याने अंडी घालते, पान जाळीदार दिसायला लागलं की ते पानच तोडायचं, एका पानाबरोबर शेकडो पिल्लं जातात.

पांढरी माशी. २०१९ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी काचगृहात टोमॅटोबरोबर फ्रेंच झेंडू लावून पाहिलं, झेंडूतून हवेत निघणाऱ्या लिमोनीन या वासाच्या द्रव्यामुळे माशीची वाढ मंदावली. पण झेंडू पहिल्या दिवसापासून असेल तरच. माशी बोकाळल्यावर आणून ठेवलेल्या झेंडूने काही साधलं नाही. आणि हे काचगृहातलं, उघड्यावर वारा असतो, तिथे तेवढी अपेक्षा ठेवू नका.

वासाबद्दल थोडं बोलायला हवं कारण तुळस, पुदिना, लसूण सगळं "उग्र वासाने कीड पळते" या एका वाक्यावर लावलं जातं. इंग्लंडमधले कीटकशास्त्रज्ञ फिंच आणि कॉलियर यांनी कोबीच्या मुळाशी अंडी घालणाऱ्या माशीवर बरंच काम केलं. कोबीचा वास आला की माशी खाली उतरते, पण नेमकी कुठे उतरायचं ते हिरवा रंग बघून ठरवते. कोबीच्या पानावर उतरली तर पायांनी चव घेते, छोटी चक्कर मारून परत उतरते, असं लागोपाठ काही वेळा कोबीच लागला तर अंडी घालते. मधेच दुसऱ्या झाडावर उतरली की मोजणी पहिल्यापासून, आणि काही वेळाने ती निघून जाते. त्यांच्या प्रयोगात वासाची झाडं बिनवासाच्या झाडांपेक्षा सरस ठरली नाहीत, कोबीभोवती दुसरं काहीतरी हिरवं असणं महत्त्वाचं होतं. मला हे वाचून फार हायसं वाटलं, कारण माझ्या वाफ्यात उघड्या स्वच्छ मातीतला कोबी नेहमी जास्त खाल्लेला असायचा आणि मेथी-कोथिंबिरीत दडलेला कमी, आणि मी त्याचं श्रेय कोथिंबिरीच्या वासाला देत होतो. तुळस काढू नका, पण तिने टोमॅटोची चव सुधारते वगैरे वर विसंबू नका.

माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा देतात ती धणे, शेपू आणि बडीशेप, आणि नेमकी हीच आपण फुलू देत नाही, पानं वापरायची म्हणून आधीच कापतो. त्यांच्या छत्रीसारख्या तुऱ्यातली फुलं इतकी उथळ असतात की बारीक परोपजीवी माश्या (ज्या किडीच्या अंगात अंडी घालतात), सिरफिड माश्या, ज्यांना लांब सोंड नाही, त्यांनाही मध मिळतो. मोठी झालेली सिरफिड माशी फुलावर जगते आणि तिची अळी मावा खाते. म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी चिमूटभर धणे टाकत राहा म्हणजे कायम काहीतरी फुलावर असेल. आणि मिरचीच्या पानामागे माव्यात काही फुगलेले, सोनेरी-तपकिरी, कागदासारखे मावे दिसले तर ते परोपजीवी माशीने आतून खाल्लेले आहेत, पाठीवर गोल भोक असेल तर माशी बाहेर पडली. असे मावे दिसले की कुठलीच फवारणी करू नका, निंबोळी अर्क पण थांबवा, आठ दिवस वाट बघा.

चवळी कडेला लावली तर तिच्यावर मावा आधी येतो आणि त्याच्यामागे मावा खाणारे ढालकिडे, ते मग मिरचीवर पण येतात. पण चवळी उभी असताना शेजारच्या टोमॅटोला भरपूर नत्र देते असं समजू नका, बहुतेक नत्र ती स्वतःच वापरते. शेंगा झाल्यावर वरून कापा, मुळं मातीत राहू द्या, पाला तिथेच पसरा, त्याचा फायदा पुढच्या पिकाला.

काही शेजारी मात्र टाळाच. बटाटा आणि टोमॅटो शेजारी नको, दोघांनाही तोच उशिराचा करपा येतो. मका आणि टोमॅटोत तीच हेलिकोव्हर्पा, त्यामुळे विषाणूवाल्या माव्याला अडवायला मक्याची कड लावणार असाल तर कणसांवर लक्ष ठेवा. पुदिना कुंडीतच. आणि दाटी करू नका, टोमॅटोच्या खालच्या पानांतून वारा गेला नाही तर बुरशी येते, मग कोणताच सोबती कामाचा नाही.

आत्ता तुमच्याकडे पीक उभं आहे तर एवढं करा. अळीची फळं तोडून वाफ्याबाहेर न्या, आहेत त्या झेंडूची फुलं तपासायला लागा, पानामागे बारीक जाळी दिसली तर ती लाल कोळ्याची, झेंडूवर तो लवकर येतो, ती झाडं काढून टाका. पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे लावा आणि पिल्लं भरलेली खालची पानं काढा. धणे आजच टाका. आणि त्या पिवळ्या झाडाची मुळं धुवून गाठी आहेत की नाहीत ते कळवा, कारण गाठी असतील तर हे पीक निघाल्यावर तो वाफा दोन महिने झेंडूला द्यावा लागेल आणि पुढचा टोमॅटो दुसरीकडे, त्याची आखणी मग आत्ताच करता येईल.