जुन्या पोर्शे ९११ चा गिअर शिफ्टर घरी ॲडजस्ट करता येतो का, की गिअरबॉक्स खोलावाच लागतो?

तुम्ही लिहिलंय की १९८० ची ९११ एससी घेतलीत, दुसरा गिअर टाकताना कर्रर्र होतं, तिसरा टाकायला जावं तर दांडा कधीकधी पाचव्याकडे घसरतो, गॅरेजवाला बॉक्स खोलू म्हणतोय आणि मित्र शॉर्ट शिफ्ट किट, म्हणजे दांड्याचा प्रवास कमी करणारा सेट, टाक म्हणतोय. दोघांचंही लगेच ऐकू नका. निदान एक शनिवार थांबा.

हे वाचून राहवलं नाही, कारण आमच्याकडे हेच सगळं झालंय. आमची १९८३ ची एससी, इथे सॅन होजेला, नवऱ्याची आणि माझी दोघांची हौस. माझे बाबा लालबागला टॅक्सीचं गॅरेज चालवायचे, सगळ्या प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली फियाट, गिअर स्टिअरिंगच्या खाली, तिथून लांबलचक लिंकेज, म्हणजे जोडणारे रॉड, गिअरबॉक्सपर्यंत. त्या लिंकेजच्या सांध्यांतल्या बुशी, म्हणजे आतली छोटी नळकांडी, गेल्या की दोन गिअरच्या मध्येच गाडी अडकायची, मग ड्रायव्हर भर सिग्नलला खाली उतरून बॉनेट उघडून हाताने ते लिव्हर सोडवायचा. शाळा सुटली की मी तिथेच असायचे. बाबांची पद्धत ठरलेली, कुणीही गिअरची तक्रार घेऊन आला की आधी पोऱ्याला आत बसवून दांडा हलवायला लावायचे आणि स्वतः खाली वाकून बघायचे की वर हललेलं खालपर्यंत पोचतंय का. बॉक्सला हात सगळ्यात शेवटी.

तर आमच्या गाडीचा दुसरा गिअर ओरडायला लागला तेव्हा मी एवढंच विचारलं की बुशी बघितल्या का. त्या वर्कशॉपचा माणूस उत्तर देताना माझ्या नवऱ्याकडे बघत होता, आणि माझा दीर, ज्याला गाड्यांतलं सगळं कळतं असा घरात समज आहे, तो म्हणाला, "वहिनी, ही फियाट नाहीये." मी गप्प बसले, त्याचा आजही राग येतो. बॉक्स उतरवला, पाच आठवडे गाडी तिकडे, बिल साडेपाच हजार डॉलर. गाडी घरी आली, दुसरा गिअर आवाज न करता पडायला लागला हे खरं, पण दांडा तसाच, वरणात डाव फिरवल्यासारखा, आणि तिसऱ्याऐवजी पाचवा अजूनही पडतच होता!

त्या शनिवारी रात्री मीच खोललं. मागच्या दोन छोट्या सीटच्या मध्ये कार्पेट उचललं की बोगद्यावर, म्हणजे गाडीच्या तळाच्या मधल्या पोकळ उंचवट्यावर, एक झाकण दिसतं, त्यातून स्पीडोमीटरची वायर बाहेर येते, ती जपायची. झाकणाखाली कपलर, म्हणजे दांड्याकडून आलेला लांब रॉड आणि बॉक्समधून बाहेर आलेला शाफ्ट यांचा सांधा. मुलाला पुढे बसवून दांडा हलवायला सांगितला आणि टॉर्च धरली. कपलरचा पुढचा भाग चांगला बोटभर फिरायचा, तेव्हा कुठे मागचा जागचा हलायचा. कपलर काढून हातात घेतला तर एक बुश उभी चिरलेली आणि दुसरीचे तुकडे बोगद्यात पडलेले, पिवळट, जुन्या खोबऱ्याच्या किसासारखे, चिमटीत दाबले की भुगा. इकडे रात्र तिकडे सकाळ, डोंबिवलीला व्हिडिओ कॉल लावला, बाबांनी चष्मा वर करून बघितलं आणि पहिलं वाक्य, "अगं मग बॉक्स कशाला काढला?" नव्या बुशी चाळीस डॉलरच्या आत आल्या. जुन्या व्हाइसमध्ये दाबून काढायला मात्र जोर लागतो.

आता तुमचं ॲडजस्टमेंट. बुशी आधी, ॲडजस्टमेंट नंतर, ढिल्या सांध्यावर कितीही ॲडजस्ट करा, आठवड्यात परत तेच. कपलरच्या बुशी बघा आणि पुढे दांड्याच्या तळाशी जी प्लॅस्टिकची वाटी असते तीही बघा. मग इंजिन बंद, सपाट जागा, चाकाला लाकूड, गाडी न्यूट्रलला. कपलर आणि रॉडवर पेंटने एक आडवी रेघ मारा, म्हणजे बिघडलं तर परत मूळ जागी येता येईल. कपलर रॉडला पकडून ठेवणाऱ्या क्लॅम्पचा बोल्ट १३ च्या पान्याने थोडा सैल करा, पूर्ण काढू नका. रॉड फिरवलात की दांडा डावी-उजवीकडे सरकतो, पुढेमागे केलात की गिअर किती खोल बसतो ते बदलतं. एका वेळी मिलिमीटर-दोन मिलिमीटर, त्याहून जास्त नाही. आवळा, सगळे गिअर टाकून बघा, पाचवा आणि रिव्हर्स धरून, परत सैल करा. गिअर पडल्यावर दांडा त्याच दिशेला अजून किंचित पुढे जायला हवा. एखाद्या गिअरमध्ये तो खटकन थांबत असेल तर शिफ्टरच आधी अडतोय आणि गिअर पूर्ण बसत नाहीये. मला यात अडीच तास गेले.

शॉर्ट शिफ्ट किट घेऊ नका. आमच्या दिरांनी त्यांच्या गाडीला बसवलंय आणि कौतुक सांगत असतात. दांड्याचा प्रवास कमी झाला की तेवढंच काम करायला हाताचा जोर जास्त लागतो, आणि तो जोर जातो सिंक्रोवर, म्हणजे गिअर आवाज न करता बसवणाऱ्या आतल्या कड्यांवर. तुमच्या गाडीत ९१५ नंबरचा गिअरबॉक्स आहे, १९७२ पासून १९८६ पर्यंत ९११ ला तोच होता, त्याचे सिंक्रो पोर्शेच्या स्वतःच्या डिझाइनचे, घाई केलेली त्यांना चालत नाही. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना मध्ये न्यूट्रलला क्षणभर थांबा, विशेषतः थंडीत तेल गरम होईपर्यंत. मी गेली चार वर्षं अशीच चालवते, आवाज नाही. ही फियाट नाही हे मलाही कळतं, पण लांब रॉड, प्लॅस्टिकची बुश आणि माणसाचा हात लालबागला होते तेच इथे आहेत.

क्लचचं राहिलंच. गाडी उभी असताना क्लच पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. रिव्हर्सला सिंक्रो नसतो, तेव्हा तिथे कर्रर्र झालं तर क्लच नीट सुटत नाहीये, आधी केबल बघा. तुमच्या वर्षाच्या गाडीला केबलच आहे, हायड्रॉलिक १९८७ पासून आला.

आणि हेही सांगायला हवं की सांधा घट्ट, क्लच बरोबर, तेल गरम, आणि तरीही दुसरा ओरडतोय, तर सिंक्रो गेलेत, मग गॅरेजवाला खरं बोलतोय आणि बॉक्स खोलावा लागेल. आमचेही थोडे झिजले असणार, ते मी नाकारत नाही. फक्त तो निर्णय झाकण उघडून बघितल्यावर घ्या. झाकण लावण्याआधी कपलरचा मागचा निमुळता स्क्रू घट्ट आहे ना तेही बघा, तो सुटला तर रस्त्यात एकही गिअर पडणार नाही.