संशयिताला वकील कशासाठी?

प्रश्न : अमानुष गुन्ह्यातील संशयित हाती लागल्यावरही त्याला वकील द्यायचा आणि वर्षानुवर्षे खटला चालवायचा, हा पीडितांवर अन्याय नाही का? हैदराबादला एका तरुणीवरील बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणात पकडलेल्या चौघांना पोलिसांनी गोळ्या घातल्या, तेव्हा मला समाधान वाटले होते. – एक वाचक

उत्तर : आपला संताप पीडितेच्या कळवळ्यातून आला आहे, म्हणून त्याला मी नावे ठेवणार नाही. पण ‘संशयित’ असे लिहितानाच आपण त्याला दोषी धरून चालला आहात, आणि माझा आक्षेप तिथेच आहे.

महाराष्ट्रातील २००३ सालचे दरोडा, बलात्कार आणि पाच खुनांचे एक प्रकरण पाहा. त्यात भटक्या जमातीतील सहा जण पकडले गेले आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सहाही जणांना फाशीच सुनावली. वास्तविक त्या हल्ल्यातून वाचलेल्या महिलेने पोलिसांकडील सराईत गुन्हेगारांच्या छायाचित्रांतून चार वेगळ्याच माणसांना ओळखले होते. त्या चौघांचा तपासच झाला नाही. मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने या सहा जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला, पण तोवर त्यांची सोळा वर्षे गजाआड गेली होती. मधल्या काळात लोकांच्या समाधानासाठी त्यांना फासावर चढवले असते, तर ही चूक कोण आणि कशी दुरुस्त करणार होते? आणि त्या महिलेला तरी कोणता न्याय मिळाला असता?

हैदराबादच्या ६ डिसेंबर २०१९ च्या घटनेनंतर पोलिसांवर फुले उधळली गेली, हे मला आजही अस्वस्थ करते. पुढे या घटनेच्या चौकशीसाठी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाने २०२२ मध्ये, चौघांना ठार मारण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यांतील तिघे अल्पवयीन होते, असा निष्कर्ष काढला. त्या चौघांविरुद्धचा पुरावा मात्र कोणत्याही न्यायालयात तपासला गेला नाही, आणि आता तो तपासला जाणारही नाही.

विलंबाबद्दलची आपली चीड रास्त आहे, परंतु त्याचे खापर वकिलावर फोडू नये. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात जिवंत सापडलेल्या कसाबलाही वकील मिळाला, अपिले झाली, दयेचा अर्जही फेटाळला गेला, आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी, म्हणजे चार वर्षांच्या आत, येरवड्यात त्याला फाशी झाली. इतर खटले रखडतात ते न्यायाधीशांची पदे रिकामी राहतात, न्यायवैद्यक अहवाल वेळेवर येत नाहीत आणि साक्षीदार दबावाखाली फिरतात म्हणून. आपल्या संतापाचा रोख तिकडे वळला, तर पीडितांच्या खरोखर उपयोगी पडेल.