वाचकांचे प्रश्न : दिवाळीची घाई आणि टीव्हीवरचा चित्रपट

प्रश्न : आमचे गाव अमळनेर तालुक्यात आहे. दिवाळीच्या तोंडावर कापसाची वेचणी ऐन भरात असते आणि मजूर मिळत नाहीत, म्हणून दुपारपर्यंत मी शेतात असते व घरी आले की फराळाला लागते. भाऊबीजेला दोन्ही नणंदा मुलाबाळांसह येतात. त्या दिवसांत टीव्हीवर एकाहून एक चित्रपट लागतात, सगळे बसून पाहतात, मला मात्र स्वयंपाकघरात नुसते संवाद ऐकू येतात. गेल्या वर्षी धाकटीने विचारले, "माय, तू कवय बठशी?" (आई, तू केव्हा बसशील?) मला उत्तर देता आले नाही. कामे न टाळता एक चित्रपट पुरता पाहता येईल का?
(एक वाचक भगिनी)

उत्तर : ताई, पाहता येईल, मात्र काम आटोपल्यावर बसू असे म्हणत राहिलात तर नाही, कारण दिवाळीत काम आटोपत नसते. तुमच्या मुलीचा प्रश्न मला फार खरा वाटला. सणाच्या चार दिवसांत तुमच्यासाठी एकच चित्रपट निवडा आणि त्याची वेळ घरातल्या सर्वांना आधी सांगून ठेवा. लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ आणि भाऊबीजेचा दिवस सोडून द्या. पाडव्याची दुपार, जेवणे झाल्यानंतरची, मला सर्वांत सोयीची दिसते.

वेळेचा हिशेब मात्र नीट करावा. केबल टेलिव्हिजनच्या १९९४ च्या नियमांनुसार वाहिनीला तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटे जाहिराती दाखवता येतात, त्यांपैकी १० मिनिटे व्यापारी जाहिरातींची आणि २ मिनिटे वाहिनीच्या स्वतःच्या कार्यक्रमांची. म्हणजे तासात चित्रपट ४८ मिनिटेच पुढे सरकतो आणि अडीच तासांचा चित्रपट ही मर्यादा पाळूनही तीन तासांहून थोडा अधिक चालतो. एक वाजता बसलात तर चार वाजून जातील, हे धरूनच संध्याकाळच्या ओवाळणीची तयारी सकाळी करून ठेवा. जाहिराती लागल्या की उठून भांडी घासायला जाण्याची सवय आपल्या अंगात मुरलेली असते. त्या दिवशी चहा मुलांनी करावा आणि पाहुण्यांना पाणी यजमानांनी द्यावे, एवढे मी आग्रहाने सांगते.

आधीच्या दिवसांतले थोडे काम टीव्हीसमोर बसूनही होते. शंकरपाळे कातणे, करंज्यांना मुरड घालणे, चिवड्याचे पोहे निवडणे ही हातांची कामे आहेत आणि नजर मधूनमधून वर गेली तरी ती बिघडत नाहीत. तळण मात्र कधीही तसे करू नये. अनारशांचेच पाहा : तीन दिवस तांदूळ भिजवून, रोज पाणी बदलून, गुळाबरोबर मुरवलेले ते पीठ, खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडले की सगळा खेळ आचेचा असतो; क्षणभर लक्ष चुकले तर अनारसा हसतो, जाळी फुटून तुपात विरघळतो आणि तीन दिवसांची मेहनत कढईच्या तळाशी जाते. शिवाय उकळत्या तुपाजवळ दुसरीकडे पाहणे धोक्याचे आहे, ते वेगळेच.

एखादा चित्रपट हुकला तर हळहळू नका. दूरदर्शन ही एकच वाहिनी होती तेव्हा रविवारचा चित्रपट चुकला की तो पुन्हा केव्हा लागेल याचा नेम नसे, आणि म्हणून अख्खी गल्ली एका टीव्हीपुढे जमत असे. आता ज्याच्या पहिल्या प्रक्षेपणाचा मोठा गाजावाजा होतो, तो चित्रपट थोड्याच दिवसांत त्याच वाहिनीवर पुन्हा दिसतो.

प्रश्न : दिवाळीला आमच्या धुळ्याच्या घरी आजोबांपासून चार वर्षांच्या नातवापर्यंत सगळे एकाच खोलीत टीव्ही पाहतात. चित्रपट सर्वांसाठी योग्य आहे हे आधी कसे ओळखावे?

उत्तर : प्रमाणपत्र पाहावे. केवळ प्रौढांसाठीचा 'ए' प्रमाणपत्राचा चित्रपट आहे तसा टीव्हीवर दाखवता येत नाही, त्यामुळे तुमच्यापर्यंत 'यू' किंवा 'यूए' हेच येतात. 'यू' निःशंकपणे लावावा. 'यूए'मध्ये आता ७, १३ आणि १६ वर्षे अशा तीन पायऱ्या केलेल्या आहेत, आणि त्यापेक्षा लहान मुलाने तो पाहावा की नाही हे पालकांनी ठरवायचे असते. १६ ची खूण असलेला चित्रपट नातू झोपल्यावर लावावा.