‘काय त्रास न्हाई’ म्हणणाऱ्यांचं काय करायचं?

प्रश्न : मी 27 वर्षांची. मानसशास्त्रात एम.ए. करून गेल्या वर्षी पीएच.डी.ला नोंदणी केली. विषय मधुमेहींचा मानसिक ताण आणि घरच्यांचा आधार. सरांनी सांगितलं, ‘पेड’ (मधुमेहाचा मानसिक त्रास मोजणारी) आणि ‘पीएचक्यू-9’ (खिन्नता मोजणारी) या दोन प्रश्नावल्या मराठीत करून घे, 300 जणांकडून भरून घे, एचबीएवनसीशी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) सहसंबंध काढ, झालं. दोन महिने मी मिरजेतल्या एका ओपीडीत बसतेय. 64 फॉर्म झाले, त्यातले बहुतेक शून्याच्या आसपास. ‘काय त्रास न्हाई बाई’, एवढंच उत्तर. डॉक्टरांना माझी अडचण होते, म्हणून वजनकाट्याशेजारची खुर्ची दिलीय. विषय बदलावा का?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : विषय राहू द्या. आधी ती खुर्ची बदला.

आत डॉक्टर, मागं सूनबाई, हातात केसपेपर, आणि पुढचा नंबर आपला. अशा वेळी कोण सांगेल, की मला या आजाराचा वीट आलाय म्हणून? मलाही अकरा वर्षं शुगर आहे, रोज दोन गोळ्या चालू आहेत. तुम्ही मला तिथं विचारलं असतं तर मीही ‘काही नाही हो’ म्हणून वजनकाट्यावर चढले असते.

तुमच्या वयाची असताना मी विट्याकडच्या एका गावात अशीच प्रश्नावली घेऊन गेले होते. मीच बनवलेली, ‘आपणांस उदास वाटते काय?’ अशी शाळेच्या पेपरासारखी. मावशी म्हणाल्या, ‘उदास कशापायी? दोन पोरी हायत, म्हस हाय.’ मग चहा आला. त्यांनी स्वतःच्या कपात अर्धा चमचा साखर टाकली, माझ्याकडं बघितलं, आणि मी मूर्खासारखी ती वहीत नोंदवली. त्यांनी ते पाहिलं. पुढच्या प्रत्येक प्रश्नाला ‘न्हाई’. निघताना त्यांची जाऊ फाटकापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, इन्शुलिनची बाटली उतरंडीमागं ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवलीय. घरात फ्रिज नव्हता हे खरं, पण लपवायचं कारण वेगळं होतं. थोरलीचं जमत होतं. आईला सुई चालू आहे हे कळलं असतं, तर पाहुणे म्हणाले असते, उद्या पोरीलाही लागणार.

हे माझ्या प्रश्नावलीत कुठंच बसत नव्हतं. एसटीत बसून वहीच्या मागच्या पानावर लिहिलं, प्रबंधात घातलं नाही. अजून मन खातं.

हे ‘मन खातं’ मुद्दाम लिहिलं. ‘पेड’ म्हणजे ‘प्रॉब्लेम एरियाज इन डायबेटिस’, 1995 मध्ये विल्यम पोलोन्स्की आणि सहकाऱ्यांनी बोस्टनच्या जॉस्लिन सेंटरमध्ये तयार केलेली. 20 प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 4, बेरजेला 1.25 नं गुणलं की 100 पैकी गुण, 40 किंवा त्याहून जास्त झाले की त्रास गंभीर. साधन चांगलं आहे, जगभर वापरतात. पण त्यात पथ्य मोडल्यावर ‘गिल्टी’ वाटतं का असं विचारलंय, आणि बहुधा तुमच्या मराठी फॉर्मवर त्याचं ‘अपराधी’ झालंय. आपल्याकडं अपराधी कोर्टात उभा असतो. लाडू खाल्ल्यावर माणसाचं मन खातं. रोजच्या सुईचा वीट येतो, पायाला जखम झाली की घोर लागतो. एक आजी मला म्हणाल्या होत्या, ‘सासूचा जाच संपला तवा शुगरचा सुरू झाला.’ ‘डायबेटिस डिस्ट्रेस’ला, म्हणजे मधुमेह रोज सांभाळण्याच्या या मानसिक त्रासाला, माझ्या मते ‘जाच’ हाच शब्द नेमका बसतो. ‘मधुमेहजन्य मनस्ताप’ लिहिलंत तर विद्यापीठ खूश होईल, आजींना कळणार नाही.

म्हणून भाषांतर नव्यानं करा. वापरायची परवानगी आणि आधीचा मराठी मसुदा, दोन्ही मूळ हक्कदारांकडं विचारा. दोघांनी वेगवेगळं मराठी करायचं. मूळ न पाहिलेल्या तिसऱ्यानं ते परत इंग्रजीत न्यायचं. मग आठ-दहा जणांसमोर एकेक प्रश्न वाचायचा आणि उत्तर न घेता विचारायचं, ‘यात तुम्हाला काय विचारलंय असं वाटतं?’ तिथं जे ऐकाल, त्यावर एक अख्खं प्रकरण उभं राहील.

पीएचक्यूबद्दल जरा कडक बोलते. नऊ प्रश्नांत झोप, थकवा, भूक आहेत. शुगर वाढलेला माणूस रात्रीतून चार वेळा लघवीला उठतो, दिवसा गळून जातो. त्याचे गुण चढतात ते आजारानं की खिन्नतेनं, हे बेरजेवरून कळत नाही, म्हणून तो उठतो कशासाठी हेही विचारा. शिवाय जाच वेगळा आणि खिन्नता वेगळी. जाच असलेले पुष्कळ जण खिन्नतेचे रुग्ण नसतात. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. कुणी ‘हो’ म्हणालं तर त्याच दिवशी कुणाकडं न्यायचं, हे ठरल्याशिवाय तो प्रश्न तोंडातून काढू नका. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाशी आधी बोलून ठेवा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर प्रत्येक फॉर्मसोबत द्या.

आता बसायचं कुठं? डॉक्टरांवर रागावू नका, त्यांची रांग खरी आहे. पण उपाशीपोटीचं रक्त दिल्यावर माणसं डबा खातात आणि दुसऱ्या रक्तासाठी दोन तास थांबतात. झाडाखाली, पायऱ्यांवर, सायकल स्टँडच्या कट्ट्यावर. ते दोन तास कुणाचेच नसतात. तिथं सतरंजी टाका. फॉर्म पिशवीतच असू द्या, आधी डब्यात काय आणलंय ते विचारा. एका साखर कारखान्यातल्या काकांनी मला अशाच कट्ट्यावर सांगितलं, तपासणीच्या आधी दोन दिवस ते अर्धीच भाकरी खायचे, आकडा बरा यावा आणि डॉक्टरांनी पोरासमोर ओरडू नये म्हणून. एचबीएवनसीला ते ‘तीन महिन्यांची चोरी धरणारी’ म्हणायचे. डॉक्टरांमुळं होणारा जाच हा खरंच मोजण्याजोगा भाग आहे. 2005 च्या 17 प्रश्नांच्या ‘डायबेटिस डिस्ट्रेस स्केल’मध्ये त्याचा वेगळा विभागच आहे.

त्याच स्केलमध्ये नात्यांचाही विभाग आहे, पण त्यातले प्रश्न आधार कमी पडण्याचे. आपल्याकडं नेमकं उलटंही होतं. एकीकडं कंदी पेढ्याचा बॉक्स पुढं करत ‘एकानं काय होतंय, घ्या’, दुसरीकडं नातू ओरडतो, ‘आजीनं भात घेतला!’ आग्रह आणि पहारा दोन्ही एकाच ताटात. तुमचा ‘कौटुंबिक आधार’ या गोंधळात शोधावा लागेल. 300 फॉर्मांआधी 12-15 जणांशी घरी जाऊन, एकट्यानं बोलायला मिळेल अशी वेळ धरून बोला. ओपीडीसाठी घेतलेली मंजुरी घरच्या मुलाखतींना चालत नाही. आराखडा बदलला की नीतिशास्त्र समितीकडं परत जा. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं वाचून जा. अंगठा देणाऱ्यांच्या संमतीला तटस्थ साक्षीदार लागतो, सूनबाई चालत नाही.

सरांना सांगा, फॉर्म 300 च भरू, फक्त चार महिने उशिरा. आणि एकदाच भरलेल्या फॉर्मातून जाचामुळं साखर वाढली की साखरेमुळं जाच, हे सहसंबंध सांगणार नाही, हेही नम्रपणे सांगा. देशात 10 कोटी 10 लाख मधुमेही हा आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचा 2023 चा आकडा प्रस्तावनेत एका ओळीत उरका. सगळेच तिथं तीन पानं घालवतात. एकटं वाटत असेल तर युरोपीय मधुमेह संघटनेचा मनोसामाजिक अभ्यासगट आहे, ‘पीसॅड’. त्यांचं काम चाळा, तुमच्यासारखी नवखी तिथंही आहेत.

ते 64 फॉर्म मात्र टाकू नका. कोण सोबत होतं, दार उघडं होतं का, किती मिनिटांत उरकला, हे आठवतंय तोवर प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलनं लिहून ठेवा. आज रात्रीच बसा.