आधी प्रत, मग मत

प्रिय मुली,

रविवारी रात्री तुझा निरोप आला. ‘काका, रविवारच्या वाचनगटात अकरा जण होतो, आता चौघं उरलोय. एक जण म्हणाला, आम्ही पुस्तक उघडायच्या आत तू ते संपवून टाकतेस. मी एकटीनेच वाचत बसू का?’ लगेच उत्तर लिहायला घेतलं होतं, पण कागदावर नुसता राग उतरायला लागला. त्या मुलावरचा नव्हे, तुझ्यावरचा. म्हणून दोन दिवस थांबलो.

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर तुझं काय चालतं ते मी दोनदा पाहिलंय. अर्थसीच्या, म्हणजे उर्सुला ल ग्विनच्या जादूगारांच्या कादंबऱ्यांतल्या, बेटांचा नकाशा छापून आणतेस. कोणतं पुस्तक कधी आलं, कुठल्या क्रमाने वाचायचं, त्यातल्या गेड या जादूगाराच्या मागे लागलेली सावली म्हणजे काय, चौथं पुस्तक का टाळलं तरी चालेल, सगळं घसा कोरडा पडेपर्यंत सांगतेस. आणि पुस्तक? ते तुझ्या पिशवीत, प्लॅस्टिकच्या कव्हरात. कुणी मागितलं की म्हणतेस, लिंक पाठवते.

अगं, प्रत दे. आधी प्रत दे, मत नंतर.

हे मी कुणाचं ऐकून सांगत नाही. 1986 साली मी एकोणीस वर्षांचा होतो. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फूटपाथवर उर्सुला ल ग्विनचं अर्थसीचं पहिलं पुस्तक बारा रुपयांना मिळालं, कव्हर फाटलेलं. मी गोरेगावला राहायचो, माझा मित्र कुर्ल्याला. तो सेंट्रल रेल्वेचा, मी वेस्टर्नचा, त्यामुळे दर शुक्रवारी संध्याकाळी दादरच्या पुलावर भेटायचो. आठवडाभर पुस्तक त्याच्याकडे, आठवडाभर माझ्याकडे. पुलावर थांबायला जागा नसायची, लोक खांद्याला खांदा लावून ढकलत जायचे. बोलणं व्हायचं ते एवढंच: ‘कुठवर आलास?’ पुढचं काही सांगायचं नाही, असं आम्ही कधी ठरवलं नव्हतं. ते आपोआप पाळलं जायचं. दुसरा आणि तिसरा भागही असेच हातातून हातात फिरले.

त्या जगात प्रत्येकाला एक खरं नाव असतं, हे तुला सांगायला नको. खरं नाव कळलं की माणसावर सत्ता चालते, म्हणून ते कुणी सांगत नाही. आणि गेड स्वतःच्या घमेंडीने होरपळून, सगळ्यांच्या नजरेतून उतरून बसलेला असतो, तेव्हा त्याचा मित्र वेच त्याला निरोप घेताना आपलं खरं नाव सांगून जातो. उपदेश करत नाही, चूक दाखवत नाही. नाव देतो आणि जातो. आवडतं पुस्तक दुसऱ्याच्या हातात ठेवणं मला तसंच वाटतं. तू नाव देत नाहीस, पोरी. तू नावाचा अर्थ समजावत बसतेस.

आता माझी चूक. चौथं पुस्तक, ‘तेहानू’, 1990 साली आलं, तिसऱ्यानंतर अठरा वर्षांनी. माझ्या हातात पडलं 1992 मध्ये, परदेशातून आलेल्या एका नातेवाइकाकडून. एका रात्रीत वाचलं आणि भडकलो. महान जादूगार गेड ड्रॅगनच्या पाठीवरून परत येतो तो सगळी शक्ती गमावून. पुस्तकभर एक विधवा, भाजलेली एक लहान मुलगी, स्वयंपाकघर, शेळ्या. शुक्रवारी पुलावर मित्राने हात पुढे केला, तर मी म्हणालो, ‘नको वाचूस. तिने वाटोळं केलंय.’ पुस्तक पिशवीतच ठेवलं. तो म्हणाला, बरं.

त्याची बाजू जाऊ दे, माझीही ऐक. त्या काळी एकेका पुस्तकासाठी वर्षं जायची. जे इतकं मनात जपलेलं असतं ते बदललेलं दिसलं की पंचवीस वर्षांचा मुलगा चिडणारच. तो राग खोटा नव्हता. पहिली तीन पुस्तकं मिळून एक पूर्ण गोष्ट होते, हे मी आजही म्हणेन आणि त्यावर तुझ्याशी रात्रभर वाद घालीन. माझं मत चुकलं असं मी म्हणतच नाही. मत असायलाच हवं. पण मी मत दिलं आणि प्रत दिली नाही, हे चुकलं.

2011 साली आई अंथरुणाला खिळली. तिला भरवायचं, कूस बदलायची, रात्री दर दोन तासांनी उठायचं. त्या जागरणात ‘तेहानू’ परत हाताशी आलं आणि या वेळी मला त्यात गेड दिसलाच नाही, ती विधवा, तेनार दिसली. दुखावलेल्या जिवाला न्हाऊ घालणारे हात दिसले. ते लिहिताना लेखिका साठीची होती. मला ते पंचविशीत कसं उमगणार होतं? पण माझ्या मित्राला उमगलं असतं कदाचित. त्याच्या घरी आजारी बहीण होती. हे मला तेव्हाही माहीत होतं.

2018 च्या जानेवारीत ल ग्विन गेली. फेब्रुवारीअखेर फोर्टमधलं स्ट्रँड बुक स्टॉल बंद झालं. शेवटच्या दिवसांत तिथे गेलो होतो, गर्दीत उभा राहिलो आणि बाहेर येऊन मित्राला फोन लावला, कितीतरी वर्षांनी. बदलापूरला होता. चौथ्या पुस्तकाचं विचारलं. म्हणाला, ‘तू नको म्हणालास ना, मग त्यानंतर तिचं काही घेतलंच नाही.’ त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. ‘तेहानू’ला तिने अर्थसीचं शेवटचं पुस्तक म्हटलं होतं, आणि 2001 मध्ये आणखी दोन पुस्तकं लिहिली. स्वतःचं ‘शेवटचं’ तिने मागे घेतलं. माझा ‘नको’ मात्र सव्वीस वर्षं तसाच राहिला.

म्हणून मी आता घरात प्रत्येक भागाच्या दोन-तीन प्रती ठेवतो. घरचे म्हणतात, लोक परत देत नाहीत. नाही देत. मी पुन्हा घेतो. याबाबतीत मी कुणाचं ऐकणार नाही. आमची सगळी पिढी वाचनालयाच्या प्रतींवर वाढली. नारायण धारपांच्या भयकथांचं पुस्तक घरी यायचं ते पानं दुमडलेलं, समासात कुणाचं तरी ‘बापरे!’ लिहिलेलं. धारपांचा क्रम आम्हाला कुणी लावून दिला नव्हता. जे कपाटात असेल ते घ्यायचं.

एकटीने वाचू का, हा प्रश्नच सोडून दे. एकटीने तर वाचतेच आहेस, सगळ्यांसमोर बसून. तो मुलगा, जो तुला बोलला, त्याने अजून येणं सोडलेलं नाही ना? मग त्याला काय हवंय ते उघड आहे.

या रविवारी मी येतोय, साडेपाचला. नकाशा आणू नकोस. तुझी ‘तेहानू’ची प्रत प्लॅस्टिकमधून काढून आण आणि त्याला दे. हो, चौथंच, क्रम मोडून. त्याने विचारलं, कसं आहे, तर सांग, कुठवर आलास ते पुढच्या रविवारी मला सांग. तुला अगदीच राहवलं नाही, तर माझ्या शेजारी येऊन बस आणि माझ्याशी भांड. बदलापूरचा मित्रही येतो म्हणालाय. त्याच्यासाठी माझ्या पिशवीत एक प्रत आहे, मोठ्या अक्षरांची.

तुझा,
काका