ब्रसेल्समध्ये एकच दिवस हाताशी आहे. इरॅस्मस या पाचशे वर्षांपूर्वीच्या डच विद्वानाच्या घराचं म्युझियम बघावं का? त्याच्या वापरातल्या वस्तू तिथे आहेत का?

बघा. फक्त मेट्रोच्या 'इरॅस्मस' नावाच्या स्टेशनवर उतरू नका. मी तो शहाणपणा केला होता. पाच नंबरच्या लाइनचं ते शेवटचं स्टेशन. बाहेर आलं की समोर अवाढव्य हॉस्पिटल. पावसात उभा राहून मी तिथे सोळाव्या शतकातलं घर शोधत होतो. तुम्ही त्याच लाइनवर अलीकडे, सँ-गिदों स्टेशनवर उतरा. तिथून चर्चच्या रोखाने निघालात की थोड्याच वेळात विटांचं कुंपण आणि आत दडलेलं ते लालसर घर सापडेल. हे घर ज्या आन्देर्लेख्त भागात आहे, त्याचं नाव घेतलं की इथल्या लोकांना फुटबॉल क्लब आठवतो. त्यामुळे घराचा पत्ता विचारलात तर समोरचा दोन क्षण विचारात पडेल.

आता तुमचा दुसरा प्रश्न. आपल्याकडे स्मारक म्हटलं की चष्मा, काठी, पगडी, वापरातली खाट असं काहीतरी हवंच. त्या आशेने गेलात तर हिरमोड होईल, कारण हे घर इरॅस्मसचं नव्हतंच. 1521 च्या उन्हाळ्यात तो इथे जेमतेम पाच महिने पाहुणा म्हणून राहिला. घर होतं त्याच्या मित्राचं, पीटर विख्मान्सचं, जो इथल्या चर्चच्या धर्ममंडळात होता. 'हंस' हे या घराचं जुनं नाव. म्युझियम झालं ते 1932 साली, आणि मग त्या काळातलं लाकडी सामान, चित्रं, पुस्तकं जमवून खोल्या सजवल्या गेल्या. अभ्यासिकेतलं टेबल बघून सगळेच गहिवरतात (मीही), पण ते त्या काळाचं म्हणून बघायचं.

तरीही ते पाच महिने साधे नव्हते. आधीची चार वर्षं तो जवळच्या लूवेन विद्यापीठाच्या गावात होता. तिथल्या धर्मपंडितांना तो पोपविरुद्ध उभ्या राहिलेल्या धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरचा छुपा साथीदार वाटायचा, आणि ल्यूथरवाल्यांना तो भित्रा वाटायचा. 1521 मध्येच जर्मनीतल्या वर्म्सच्या सभेत ल्यूथरने आपल्या मतांवरून माघार घ्यायला नकार दिला आणि मधल्या माणसाला उभं राहायला जागाच उरली नाही. गावाकडच्या हवेने तब्येत सुधारली असं त्याने इथून पत्रांत लिहिलंय, पण ऑक्टोबरच्या अखेरीस तो स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला निघून गेला. तिथे फ्रोबेनच्या छापखान्यात त्याने संपादित केलेल्या बायबलमधल्या ग्रीक 'नव्या करारा'ची तिसरी आवृत्ती व्हायची होती. तो पुन्हा कधी इकडे राहायला आला नाही.

मला विचाराल तर तिकिटाचे पैसे एका गोष्टीसाठी द्यावेत: शाई फासलेली पुस्तकं. 1559 साली पोपच्या बंदी-यादीत इरॅस्मसचं सगळंच लेखन टाकलं गेलं. पुढे काही पुस्तकं 'शुद्ध' करून वापरायला मुभा मिळाली. शुद्ध करायची म्हणजे आक्षेपार्ह ओळी काळ्या करायच्या, कुठे लेखकाचं नावच खोडायचं. काचेआड ती पानं उघडी ठेवलेली आहेत. बारीक, सुबक छपाई आणि त्यावर कुणीतरी ओळ न ओळ चालवलेला काळा बोरू. मी त्यांच्यासमोरच सर्वात जास्त वेळ उभा होतो. खोडायचं काय हे ठरवायला त्या माणसाला पुस्तक अक्षर न अक्षर वाचावं लागलं असणार. इरॅस्मसला इतका मन लावून वाचणारा वाचक नंतर क्वचितच मिळाला असेल.

वरच्या मजल्यावर घाई केलीत तरी चालेल, बागेत मात्र करू नका. एका भागात त्या काळी माहीत असलेल्या औषधी वनस्पती लावल्यात. रने पेशेर या बाग-रचनाकाराने 1987 मध्ये आखलेली ही बाग. मागच्या बाजूला 2000 साली केलेली दुसरी बाग आहे. तिथे पानांच्या आकाराच्या छोट्या कुंडांपाशी इरॅस्मसने जमवलेल्या म्हणी वाचायला मिळतात. हा माणूस जन्मभर म्हणी गोळा करत होता. ग्रीक-लॅटिन म्हणींच्या त्याच्या संग्रहाची 1500 सालची आवृत्ती आठशेच्या आसपास म्हणींची होती; शेवटी आकडा चार हजारांच्या वर गेला. त्यातली 'ज्यांनी युद्ध अनुभवलं नाही त्यांनाच ते गोड लागतं' ही म्हण वाचली की आजोबांचं 'युद्धस्य कथा रम्या' कानात वाजतं. या एका म्हणीवर त्याने निबंधाएवढी टीप लिहिली, युद्धखोर राजांना चांगलंच झोडपणारी.

जाता जाता: आपल्याकडची बरीच मुलं 'इरॅस्मस मुंडुस'च्या शिष्यवृत्तीवर युरोपात येतात. मीही तसाच आलो, आणि दीड वर्ष 'इरॅस्मसवर आलोय' असं सांगताना हा गृहस्थ कोण हे मला धड माहीत नव्हतं.

वेळेचं म्हणाल तर घर आणि बाग मिळून दीड तास पुरे. सकाळी दहाला जाऊन जेवणाच्या वेळेपर्यंत ग्रां-प्लास या शहराच्या मुख्य चौकात परत येता येतं. मुतणाऱ्या पोराचा तो इवलासा पुतळा त्यानंतर बघा, किंवा नाही बघितलात तरी चालेल. आणि तुमचा तो एक दिवस सोमवार असेल तर हे सगळं विसरा. सोमवारी म्युझियम बंद असतं.