वाचकांचे प्रश्न : सायकलीवरून जावळी आणि रायगड

प्रश्न : आम्ही चौघे मित्र पुण्यात नोकरी करतो आणि गेली दोन वर्षे दर रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत सायकलीने जाऊन येतो. डिसेंबरात पाच दिवसांची रजा काढून वाई, महाबळेश्वर, प्रतापगड, महाड आणि रायगड करून वरंधा घाटाने भोरमार्गे परत यावे, असा आमचा विचार आहे. आमच्यापैकी दोघांचे म्हणणे असे, की वरंधा घाट आधी उतरून जावा आणि परतताना महाबळेश्वर चढावे. कोणत्या दिशेने जावे, आणि पाच दिवस पुरतील का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यावर पहिल्याचे उत्तर अवलंबून आहे. पाच दिवस पुरणार नाहीत. नकाशावर हा फेरा पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास भरतो, आणि दिवसाला पंचाहत्तर किलोमीटर ही आपल्याला सवयीची मजल असल्यामुळे गणित जुळल्यासारखे वाटते. परंतु सह्याद्रीत किलोमीटरपेक्षा चढ मोजावा लागतो आणि गड पाहण्याचा वेळ वेगळा धरावा लागतो. प्रतापगड आणि रायगड हे दोन्ही किल्ले सायकल खाली ठेवून, पायी, अर्धा-पाऊण दिवस देऊन पाहण्याचे आहेत. दमलेल्या पायांनी, संध्याकाळच्या मुक्कामाची घाई डोक्यात ठेवून ते पाहणे म्हणजे न पाहणेच होय. सात दिवस मिळत असतील तर पूर्ण फेरा करावा. पाचच मिळणार असतील तर रायगडापाशी थांबावे आणि महाडहून सायकली एसटीने किंवा टेम्पोने परत आणाव्यात. वरंधा घाट पुढच्या हिवाळ्यासाठी राखून ठेवावा.

आता दिशेविषयी. वाईकडून निघावे, असे माझे स्पष्ट मत आहे. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटरवर आहे, आणि महाबळेश्वर साडेतेराशेवर. म्हणजे पसरणी घाट आणि त्यापुढचा पाचगणी-महाबळेश्वर रस्ता मिळून बत्तीस-तेहतीस किलोमीटरमध्ये साडेसहाशे मीटरच्या आसपास निव्वळ चढ आहे, आणि मध्ये पाचगणीला हवी तेवढी विश्रांती घेता येते. उलट दिशेने आल्यास पोलादपूरपासून आंबेनळी घाटाने तेच महाबळेश्वर गाठण्यासाठी सुमारे चाळीस किलोमीटरमध्ये जवळजवळ तेराशे मीटर चढावे लागते, आणि त्याचा खालचा भाग कोकणच्या उन्हात व दमट हवेत येतो. ज्यांनी याआधी सामान लादलेल्या सायकलीने मोठा घाट चढलेला नाही, त्यांनी ही परीक्षा पहिल्याच दौऱ्यात देऊ नये. वरंधा घाट आपल्याला चढावा लागेलच, पण तो सहाव्या दिवशी, पाय तयार झाल्यावर येतो.

या दिशेला दुसरेही एक कारण आहे आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. १६५९ साली अफजलखान वाईला तळ देऊन होता आणि तेथूनच तो रडतोंडीच्या घाटाने जावळीच्या खोऱ्यात उतरला. आपण वाईहून निघून महाबळेश्वरचे पठार ओलांडता आणि आंबेनळी घाटाच्या वळणांवरून खाली पाहता, तेव्हा हत्ती, तोफा आणि एवढे मोठे सैन्य घेऊन या उतारावर येणे म्हणजे काय, हे गाडीत बसून कधीही कळले नसते इतके स्पष्ट कळते. ‘येता जावळी, जाता गोवली’ हे चंद्रराव मोऱ्यांच्या तोंडचे म्हणून सांगितले जाणारे वाक्य त्या वळणांवर केवळ बढाई वाटत नाही. शिवाजी महाराजांनी १६५६ मध्ये जावळी घेतली, मोऱ्यांच्याच मुलखातली रायरी घेतली, आणि त्याच वर्षी मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली बांधलेला प्रतापगड पूर्ण झाला. पुढे त्याच रायरीचा रायगड झाला आणि १६७४ मध्ये तेथे राज्याभिषेक झाला. वाई, प्रतापगड, रायगड हा क्रम म्हणजे त्या अठरा वर्षांचा रस्ता आहे. तो उलटा जाऊ नये.

मुक्कामांची आखणी मी अशी करीन. पहिल्या दिवशी कात्रज, खंबाटकी आणि सुरूर फाट्यावरून वाई. हा सुमारे नव्वद किलोमीटरचा, बहुतांश महामार्गाचा आणि दौऱ्यातला सर्वांत नीरस दिवस आहे, म्हणून तो पहाटे सुरू करून दुपारी संपवावा. ज्यांना महामार्ग नकोच असेल त्यांना भोरवरून मांढरदेवीचा घाट ओलांडून वाईत उतरता येते, मात्र तो चढ पसरणीहून कठीण आहे.

वाईत घाई करू नये. ढोल्या गणपती आणि कृष्णेचे घाट सर्वजण पाहतात. आपण दुसऱ्या दिवशी सकाळी तीन-चार किलोमीटरवरच्या मेणवलीला जावे. नाना फडणविसांचा वाडा आणि त्यामागचा कृष्णाकाठचा घाट तर पाहण्यासारखा आहेच, पण घाटावरची मोठी घंटाही नीट पाहावी. ती पोर्तुगीजांच्या चर्चमधली आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यानंतर अशा घंटा महाराष्ट्रातल्या अनेक देवळांत आल्या, त्यांपैकी ही एक. मेणवलीहून परत येऊन नऊच्या आत पसरणीच्या पायथ्याशी असावे. बारा-तेरा किलोमीटरच्या या घाटाला दीड ते दोन तास धरावेत. पायथ्याचे पसरणी हे शाहीर साबळे यांचे गाव, आणि घाटातून मागे वळून पाहिले की ते गाव, वाई आणि धोम धरणाचे पाणी एकाच नजरेत येते. त्यासाठी दोन-तीन वेळा तरी थांबावे. दम खाण्याची लाज वाटू देऊ नये.

याच दिवशी डोंगराची घडण समजून घेण्याची चांगली संधी मिळते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरून हा काळा खडक तयार झाला, म्हणून समोरच्या प्रत्येक डोंगराला आडव्या पायऱ्या दिसतात. घाट चढताना कडेच्या कापलेल्या दरडीत काळा पाषाण दिसत राहतो, आणि पाचगणीच्या पठारावर पोहोचताच तो संपून लाल, सच्छिद्र जांभा सुरू होतो. पावसाचे पाणी या जांभ्यात मुरते आणि खालच्या थरांशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री यांचा उगम एकत्र मानला जातो, त्या श्रद्धेमागे पाण्याने भरलेले हे पठार आहे. महाबळेश्वरात वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जेमतेम तीस किलोमीटरवरची वाई पर्जन्यछायेत येते. उसाच्या आणि हळदीच्या शेतांतून निघून दुपारी जांभळीच्या दाट सावलीत पोहोचणे हा बदल सायकलीवर अंगाला जाणवतो.

तिसऱ्या दिवशी आंबेनळी उतरून वाडा कुंभरोशीपाशी सामान ठेवावे. तेथून गडाकडे जाणारा तीन-चार किलोमीटरचा फाटा चांगलाच उभा आहे. गड पाहून झाल्यावर पार गावात जावे, असा माझा आग्रह आहे. कोकणातून वर येणारी जुनी व्यापारी वाट या गावातून जात असे आणि तेथला शिवकालीन मानला जाणारा दगडी पूल आजही उभा आहे. प्रतापगड त्याच जागी का बांधला, याचे उत्तर तटबंदीपेक्षा या पुलावर उभे राहून वर पाहिल्यावर अधिक चांगले मिळते. मुक्काम वाड्यालाच करावा.

चौथा दिवस पोलादपूर आणि महाडचा. पोलादपूरजवळचे उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव असून त्यांची समाधी तेथे आहे. आपण दर रविवारी सिंहगडाच्या पायथ्याशी जाता, तेव्हा ती आपण चुकवू नये. महाडला चवदार तळ्यापाशी थांबावे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो सत्याग्रहींसह या तळ्याचे पाणी प्राशन केले. किल्ल्यांच्या यादीत हे ठिकाण बसत नाही म्हणून अनेक सायकलस्वार ते वगळून पुढे जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते. सार्वजनिक तळ्यावर पाणी पिण्यासाठी माणसांना लढावे लागले, ती जागा उन्हातून तहानेने आलेल्या माणसाने तरी ओलांडून जाऊ नये.

महाडहून पाचाड पंचवीस किलोमीटरच्या आसपास आहे. पाचाडला जिजाऊसाहेबांची समाधी आहे. राज्याभिषेकानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जून १६७४ रोजी त्यांचे निधन झाले. पाचवा दिवस पूर्ण रायगडाला द्यावा. रोपवे आहे, पण निदान चढताना पायऱ्यांनी जावे, आणि जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवरचा ‘सेवेचे ठायी तत्पर’ हा हिरोजी इंदुलकरांचा लेख वाचल्याशिवाय उतरू नये. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले आले, त्यांत रायगड आणि प्रतापगड दोन्ही आहेत, त्यामुळे सुट्टीच्या दिवसांची गर्दी गृहीत धरावी आणि हा दिवस शनिवार-रविवारी येणार नाही असे पाहावे.

सहाव्या दिवशी पाचाडहून महाडला उतरून वरंधा घाट चढायचा आहे. भोरपर्यंतचे अंतर एका दिवसात जड जाईल असे वाटल्यास आदल्या संध्याकाळीच महाडला यावे. घाटातल्या वाघजाईच्या देवळापाशी गरम भजी आणि चहा मिळतो, पण त्यापुढे पाण्याची सोय स्वतःची ठेवावी. तीन लिटरपेक्षा कमी पाणी घेऊन निघू नये. माथ्यानंतर नीरा देवघर धरणाच्या पाण्याकडेने भोरपर्यंतचा रस्ता शांत आहे, आणि या संपूर्ण फेऱ्यातला तो माझा सर्वांत आवडता भाग आहे. हा घाट दरडींमुळे पावसाळ्यात बंद ठेवला जातो आणि कधी कधी दुरुस्तीसाठी नंतरही बंद असतो. निघण्यापूर्वी महाड किंवा भोरच्या एसटी आगारात फोन करून गाड्या त्या मार्गाने जात आहेत का, एवढे विचारावे.

प्रश्न : माझ्या सायकलीला साधे रिम ब्रेक आहेत. आंबेनळीसारख्या लांब उतारावर ते धोक्याचे ठरतील का? डिस्क ब्रेकची सायकल घ्यावी का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नवी सायकल घेण्याची गरज नाही, ब्रेक वापरण्याची पद्धत बदलावी लागेल. उतारावर ब्रेक सतत दाबून धरला की रिम तापते, आणि सामानाचे वजन असेल तर आतली ट्यूब फुटू शकते. माझ्या एका सोबत्याची पुढची ट्यूब याच घाटात अशीच फुटली होती. वेग कमी होता म्हणून तो बचावला. म्हणून वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक जोराने दाबून वेग उतरवावा आणि मग पूर्ण सोडून द्यावेत. वळणाच्या मध्यावर ब्रेक दाबू नये. दर तीन-चार किलोमीटरला थांबून रिम निवू द्यावी. निघण्यापूर्वी चारही ब्रेकपॅड नवीन बसवून घ्यावेत आणि एक जोडी बरोबर ठेवावी. चढासाठी एवढेच पाहावे, की पुढच्या सर्वांत लहान चेनरिंगचे, म्हणजे पेडलजवळच्या चक्रीचे, दात कॅसेटच्या, म्हणजे मागच्या चाकावरच्या चक्र्यांच्या संचातल्या, सर्वांत मोठ्या चक्रीच्या दातांहून जास्त नाहीत. कोकणात उतरल्यावर हवा दमट होते, त्यामुळे साखळीला रोज तेल द्यावे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून माझे वय एकोणसाठ आहे. रोज पंधरा किलोमीटर सायकल चालवते. घाट चढणे मला झेपणार नाही, पण हा मुलूख सायकलीवरूनच पाहण्याची इच्छा आहे. काही मार्ग आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आहे, ताई. रोज पंधरा किलोमीटर सायकल चालवणाऱ्या व्यक्तीला घाट झेपणारच नाही, हे मला मान्य नाही, पण ते आपण सावकाश ठरवावे. आधी डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घ्यावी. पहिल्या खेपेला सायकल टेम्पोत घालून वाईला उतरावे आणि तीन दिवस तेथेच मुक्काम करावा. मेणवली, धोमचे नृसिंह मंदिर आणि धरणाचा काठ हा सगळा परिसर जवळजवळ सपाट असून रोज वीस-पंचवीस किलोमीटरमध्ये आरामात पाहून होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी, सामान खोलीवर ठेवून, पसरणी घाटाचे पहिले तीन किलोमीटर चढून पाहावेत. जमले तर आणखी एक चढावा. जमले नाही तर तेथूनच सायकल वळवावी. धोमचे पाणी त्या उंचीवरूनही दिसते.